नानांच्या हंड्यातलं पाणी

यंत्राने नाव घेतलं तेव्हा नाना हातात तांब्या धरून टाकीसमोरच उभे होते.

तसं अगदी ‘विश्वनाथ करडे’ असं काही ते बोललं नाही. यंत्र सभ्य होतं. “पाण्यात तांबं आढळलं,” शाळेतल्या बाईंसारख्या समजुतीच्या आवाजात ते म्हणालं. “प्रमाण हळूहळू वाढत गेलं आहे. समुद्रफूल आणि गोगलगायी मेल्या त्या यामुळे. तांबं रोज सकाळी वरून ओतलेल्या पाण्यातून येतं. ओतणारा हात: घरातील ज्येष्ठ पुरुष. धन्यवाद.”

घरात ज्येष्ठ पुरुष एकच होता. धाकटाही सध्या नव्हता. हर्षद, म्हणजे मैथिलीचा नवरा, रत्नागिरीपलीकडे भर समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांवर इंजिनिअर होता आणि महिना महिना तिकडेच असायचा. नाशिकच्या त्या फ्लॅटमध्ये उरायची मैथिली, तिचे सासरे नाना, आणि हॉलच्या भिंतीला लागून ठेवलेल्या काचेच्या टाकीतले खाऱ्या पाण्यातले दोन मासे.

यंत्राचा आवाज मोठा होता, आणि तो मैथिलीनेच नानांसाठी मोठा ठेवला होता. उभा जन्म तांबट गल्लीत पत्र्यावर हातोडा मारण्यात गेल्यावर कानांकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. एरवी नानांना कुठलीही गोष्ट तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळायची. ही मात्र पहिल्या फटक्यात ऐकू गेली.

“माझ्या हातून?” त्यांनी विचारलं.

मैथिलीला कामावर निघायची घाई होती, आणि समुद्रफूल डोळ्यांदेखत वितळून गेल्यामुळे तिचं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. “नाना, मी तुम्हाला कॅनमधलं पाणी घालायला सांगितलं होतं.”

“कॅनमधलंच घालतो गं. फक्त रात्री हंड्यात काढून ठेवतो आणि सकाळी घालतो. त्या कॅनच्या पाण्याला ना चव ना काही. लेक माहेरी आलीय आपल्याकडे. तिला काय असलं पाणी द्यायचं?”

त्या वेळी एखादा बरा शब्द मैथिलीच्या तोंडातून निघाला असता तर पुढचे बरेच दिवस सोपे गेले असते. तिने पर्स उचलली आणि ती निघून गेली.

लेक म्हणजे त्या दोन माशांतली मादी. मालवणच्या समुद्रातली प्रवाळं लागोपाठच्या उन्हाळ्यांत पाणी तापून पांढरी पडली, आणि त्यांच्या आसऱ्याने राहणारे मासे उघड्यावर आले. मालवणच्या संशोधन केंद्राने उन्हाला तोंड देणारी नवी प्रवाळं लावायला घेतली, पण ती रुजून मोठी होईपर्यंत माशांनी जायचं कुठे? तेव्हा ‘माहेरघर’ नावाची योजना निघाली. ज्यांच्या घरी जागा आणि हौस आहे त्यांनी एकेक जोडी सांभाळायची आणि समुद्र तयार झाला की पाठवणी करायची. टाकी, मीठ, दगड, आणि समुद्रफूल, म्हणजे माशांना आसरा देणारा फुलासारखा दिसणारा जीव, सगळं केंद्राचं. हर्षदने समुद्रावरूनच नाव नोंदवलं आणि गोदावरीकाठी, सह्याद्रीच्या अलीकडे, खाऱ्या पाण्याचे पाहुणे येऊन उतरले. काळं अंग, त्यावर पांढरे पट्टे आणि हळदीसारखी पिवळी शेपटी.

नानांची बायको त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. तांबट गल्लीतलं घर बंद करून ते लेकाकडे राहायला आले तेव्हा सामान म्हणून एक पिशवी आणि तो तांब्याचा हंडा एवढंच होतं. हंडा त्यांनी लग्नानंतर बायकोसाठी स्वतः घडवलेला, वरपासून खालपर्यंत हातोडीचे ठोके एकसारखे उमटलेला. गॅलरीत खुर्ची टाकून ते दिवसभर समोरच्या इमारतीकडे बघत बसायचे. जेवा म्हटलं की जेवायचे. मासे आले आणि नाना खुर्चीतून उठले. मोठी ती लेक, लहान तो जावई, हे त्यांनीच ठरवलं. या जातीत मादीच थोराड असते आणि नर तिच्या मागे मागे फिरतो हे कळल्यावर ते कितीतरी दिवसांनी मनापासून हसले. “आमच्याकडेही असंच होतं,” म्हणाले. मैथिलीने त्या दिवशी माशांचे मनातल्या मनात आभार मानले होते.

आणि आता हे.

यंत्राचं म्हणणं खोटं नव्हतं. टाकीतलं पाणी रोज थोडं वाफ होऊन उडतं, पण उडतं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं शुद्ध, बिनमिठाचं पाणी वरून घालावं लागतं. मीठ मागे राहतं तसं तांबंही राहतं. हंड्यातून एका सकाळी येणारं तांबं माणसाच्या लक्षातही येणार नाही इतकं कमी, पण ते रोज येत होतं आणि जात कधीच नव्हतं. त्यात शुद्ध केलेलं पाणी भांड्याचा धातू जास्तच ओढून घेतं, आणि नाना हंडा चिंचेने घासून असा लख्ख ठेवायचे की त्यावर तांबं अडवणारा काळसर थर धरायची सोय नव्हती. माशांना थोडंफार तांबं सोसतं. समुद्रफुलासारख्या बिनकण्याच्या जिवांना ते मुळीच सोसत नाही.

हे सगळं कळलं ते यंत्रामुळे. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव आपल्या अंगाचं काही ना काही पाण्यात सोडत असतो. खवल्याचा कण, अंगावरचा चिकट थर, विष्ठा. त्या प्रत्येक कणातल्या जनुकांच्या धाग्यांत तो जीव कोण हे लिहिलेलं असतं. मिक्सरच्या भांड्याएवढं ते यंत्र चमचाभर पाणी ओढून घ्यायचं, त्यातले हे धागे वाचायचं, धातू मोजायचं आणि पाण्यात कोण आहे, कोण आजारी आहे, कुठला जंतू शिरलाय ते सांगायचं. पूर्वी मासा आजारी पडला की सगळा अंदाजपंचे कारभार असायचा, आणि रोगापेक्षा औषधानेच जास्त मासे दगावायचे. आता चूक राहत नव्हती. फक्त पाण्यात हात घालणाऱ्या माणसाचेही कण पडतात, आणि यंत्राला वाचायला दिलं की ते सगळंच वाचतं.

अहवाल आपोआप मालवणलाही गेला. तिथून उत्तर आलं की असा प्रकार पुन्हा घडल्यास जोडी दुसऱ्या घरी हलवण्यात येईल. मैथिलीने ते नानांना सांगितलं नव्हतं, पण यंत्राने तेही मोठ्या आवाजात वाचून दाखवलं.

संध्याकाळी ती घरी आली तर स्वयंपाकघरातली हंड्याची तिवई रिकामी होती. हंडा माळ्यावर गेला होता. नाना स्टीलच्या पेल्यातून फिल्टरचं पाणी पीत होते आणि टाकीकडे पाठ करून बसले होते. खुर्ची पुन्हा गॅलरीत गेली.

मैथिलीने पाण्यातलं तांबं शोषून घेणारी पुडी मागवून टाकीत सोडली. थोड्याच दिवसांत यंत्र म्हणालं, “तांबं: नाही.” तिला बरं वाटलं. मासे खात होते, फिरत होते. नाना तेवढे खात नव्हते. “मासे छान आहेत हं नाना,” असं ती मुद्दाम मोठ्याने म्हणायची, आणि ते नुसती मान हलवायचे.

मग एका रविवारी सकाळी तिला जावयाच्या अंगावर काहीतरी चमकताना दिसलं. सोन्याची भुकटी उडाल्यासारखा बारीक, मऊसा थर. लेक पंपाच्या धारेत तोंड खुपसून उभी होती आणि तिचे कल्ले भराभर उघडझाप करत होते. खाणं टाकलं तर दोघांनीही वळून बघितलं नाही.

“रोग: मखमल,” यंत्र म्हणालं. “एकपेशीय परजीवी. कल्ल्यांना चिकटून मासे गुदमरवतो. तातडी आहे. धन्यवाद.”

मालवणच्या केंद्रातल्या डॉक्टर गिरिजा तांडेल यांनी फोन लगेच उचलला. पडद्यावर त्यांचा चेहरा थकलेला दिसत होता.

“कोणती जोडी म्हणालात? करडे, नाशिक?” त्यांनी समोरचे आकडे पाहिले. “तुमचे मासे अजून जित्ते आसत?”

“म्हणजे?”

“सांगतंय. गेल्या वर्षी आम्ही टाक्यांत ठेवायला आणखी दगड पाठवले होते ना, त्यातल्या एका खेपेबरोबर हा परजीवी घरोघरी गेला. चूक आमची. दोष लक्षात येईपर्यंत त्या खेपेच्या सगळ्या घरांतले मासे गेले. आठवडाभरसुद्धा टिकले नाहीत. तुमच्या घरून मासे गेल्याचा निरोप आला नाही, तेव्हा वाटलं की तुमचा दगड चांगला निघाला असेल.” त्यांनी समोरचे आकडे पुन्हा पाहिले. “पण तुमच्या पाण्यात तो तेव्हापासूनच दिसतोय. अगदी नावापुरता, यंत्र इशारा देतं त्या रेघेच्या खाली. इतके महिने तो गप्प कसा बसला?”

तांब्याची पुडी सोडल्यानंतरच हे उसळलं, हे मैथिलीच्या लक्षात आलं. ती खुर्चीत बसली.

“तांबं,” ती म्हणाली.

“होय,” डॉक्टर तांडेल सावकाश म्हणाल्या. “तसंच असणार. हा परजीवी माशाला सोडून पाण्यात उतरतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पोहत नवा मासा शोधतात. तांबं मारतं ते त्या पोहणाऱ्या पिल्लांना. जुनं औषध आहे ते, अजूनही त्याच्या तोडीचं दुसरं निघालं नाही. फक्त समुद्रफूल असलेल्या टाकीत आम्ही ते कधीच घालत नाही. तुमच्याकडे घातलं गेलं.”

“आणि मी काढून टाकलं.”

“ते बरोबरच केलंत. तेवढ्या तांब्याने रोग दबला होता, गेला नव्हता. कधीतरी उसळलाच असता.” मग त्या डॉक्टरसारख्या बोलू लागल्या. मासे वेगळ्या, रिकाम्या टाकीत काढायचे. दगड नको, वाळू नको. त्यात तांब्याचं औषध मोजून घालायचं. कमी पडलं तर रोग जिंकणार, जास्त झालं तर मासे जाणार, आणि या दोन्हींमधली जागा फार चिंचोळी आहे. मोठी टाकी तोवर माशांविना ठेवायची, म्हणजे परजीवी उपाशी मरतो. इथे आणायचं म्हटलं तर घाट उतरेपर्यंत मासे राहणार नाहीत. “दिवसभर लक्ष ठेवायला घरात कोण आसा?”

मैथिली द्राक्षांच्या निर्यातगृहात माल तपासायच्या विभागाची प्रमुख होती, आणि हंगाम ऐन भरात होता.

“सासरे आहेत,” ती म्हणाली.

नाना गॅलरीत होते. ती त्यांच्यासमोर कठड्याला टेकून उभी राहिली आणि डॉक्टर जे बोलल्या ते सगळं तिने सांगितलं, मोठ्या आवाजात, दिवसा लक्ष त्यांनाच ठेवावं लागेल हेही, काहीही न गाळता. दुसऱ्या घरांतले मासे गेल्याचं ऐकून नानांनी डोळे मिटले. तांब्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातानेच तिला थांबवलं.

“मी काही औषध म्हणून घालत नव्हतो गं,” ते म्हणाले. “पाहुण्याला द्यायचं पाणी म्हणून घालत होतो. मला काय कळतंय त्यातलं? ते फूल माझ्या हातून मेलं, ते खरं.”

“खरंच आहे. फूल त्याच पाण्याने गेलं, ते मी नाही म्हणत नाही. पण मासे राहिले तेही त्याच पाण्याने, नाना. त्या खेपेतली ही एकच जोडी उरलीय. तुम्ही जाणून केलं असो की नसो, मला तुमचे आभार मानायचे आहेत. त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही आणि निघून गेले. ते मला फार लागून राहिलंय.”

नाना समोरच्या इमारतीकडे बघत राहिले. “आता मी नाही हात लावायचा त्यांना,” ते म्हणाले. “म्हातारा माणूस मी. पुन्हा काही झालं तर नेतील ते त्यांना.”

मैथिलीने हुज्जत घातली नाही. तिने स्टूल ओढलं, माळ्यावरून हंडा काढला आणि तिवईवर ठेवला. फिल्टरचं पाणी त्यात भरलं, लगेच पेला बुडवला आणि उभ्या उभ्या प्यायली. नाना दारात येऊन उभे राहिले होते.

“रात्रभर राहायला पाहिजे ते,” ते म्हणाले. मग जवळ येऊन त्यांनी हंड्याच्या काठावरून बोट फिरवलं. “आणि काळवंडलाय बघ. चिंच आहे का घरात?”

दुपारपर्यंत मोरीशेजारच्या ओट्यावर रिकामी टाकी लागली. मासे जाळीने काढताना नानांचा हात मैथिलीच्या हातापेक्षा स्थिर होता, पण त्यांच्या कपाळावर घाम होता. यंत्र तिथे हलवलं. औषधाची निळी बाटली, मोजायची नळी, आणि शुद्ध पाण्याचा कॅन, त्यावर नानांनी स्वतः जाड अक्षरात लिहिलं, ‘हंड्यात ओतू नये’.

दोघांनी दिवस वाटून घेतले. सकाळ-संध्याकाळ मैथिली, मधला वेळ नाना. त्यांची आणि यंत्राची बोलाचालीही सुरू झाली. “तांबं: योग्य,” यंत्र म्हणायचं. “ते मला दिसतंय. मासे कसे आहेत ते सांग,” नाना त्याला म्हणायचे. यंत्राला प्रश्न कळायचा नाही. तरी शेवटी ते धन्यवाद म्हणायचं, आणि नानाही त्याला उलट “बरं” म्हणायचे. जावयाच्या अंगावरची भुकटी आधी विरळ झाली. लेक मात्र अजून तळाशीच होती.

मग एका भर दुपारी मैथिलीला नानांचा फोन आला. ती निर्यातगृहात द्राक्षांच्या पेट्यांच्या रांगेत उभी होती.

“यंत्र म्हणतंय, तांबं वाढतंय. वरच्या रेघेला टेकलंय. लेक आडवी झालीय.” ते भराभर बोलत होते. “मी औषध घातलेलं नाही. खरंच नाही. उकाडा आहे, पाणी उडालंय. पाणी उडतं, तांबं मागे राहतं. असंच ना?”

“असंच, नाना,” ती ओरडूनच म्हणाली.

“म्हणजे पाणी घालायला हवं वरून.”

“हो.”

पलीकडे कॅनचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मैथिलीला कळलं की ते कॅन हातात धरून उभे आहेत. तेच काम, तसंच वरून ओतायचं, आणि आता ते चुकलं तर आजारी जिवाला धक्का बसेल. तिला क्षणभर वाटलं की म्हणावं, थांबा, मी येते. पण ती पोहोचेपर्यंत उशीर झाला असता, आणि नानांना थांबा म्हणणं म्हणजे पुन्हा गॅलरीत बसवणं होतं.

“मी ओतू का?” नानांनी विचारलं.

“ओता,” ती म्हणाली. “कडेने, बारीक धारेने. मी फोनवर आहे.”

तिने फोन कानाला घट्ट लावला. आजूबाजूला मशिनं चालू होती, बायका पेट्या बंद करत होत्या, आणि त्यातूनही तिला ती धार ऐकू येत होती. मग धार थांबली. बराच वेळ काही नाही. मग तो समजुतीचा आवाज: “तांबं: योग्य.”

“कल्ले हलताहेत,” नाना म्हणाले. “मैथिली, उठली गं ती.”

मैथिली तिथेच पेटीवर बसून रडली. शेजारच्या बायकांनी काय झालं विचारलं, तर तिने सांगितलं की आमची लेक बरी झाली. त्यांनी तिला पाणी दिलं.

पुढच्या हिवाळ्यात मालवणहून निरोप आला की प्रवाळं रुजली आहेत, पाठवणीला या. हर्षद पवनचक्क्यांवरून परस्पर धक्क्यावर येऊन थांबला होता. डॉक्टर तांडेल प्रत्यक्षात पडद्यावरच्यापेक्षा ठेंगण्या निघाल्या. त्यांनी वाकून नानांना नमस्कार केला तेव्हा नाना इतके संकोचले की आशीर्वाद द्यायचाच राहून गेला.

होडीत बसवण्याआधी माशांच्या पिशवीतलं चमचाभर पाणी केंद्राच्या मोठ्या यंत्राला द्यायचा नियम होता. रोग घेऊन कुणी समुद्रात जाऊ नये म्हणून. वाऱ्यात सगळे उभे राहिले आणि यंत्राने वाचलं.

“जोडी निरोगी. परजीवी: नाही. तांबं: नाही. पाण्यात मानवी अंश: करडे घर, नाशिक. घरातील ज्येष्ठ पुरुष. धन्यवाद.”

“काय म्हणालं ते?” नानांनी विचारलं. वारा फार होता.

मैथिली त्यांच्या कानाजवळ गेली. “म्हणालं, मासे बरे आहेत. आणि त्यांच्या पाण्यात तुमचा हात आहे.”

होडी निघाली तसे नानांनी हात जोडले आणि ती ठिपक्याएवढी होईपर्यंत जोडलेलेच ठेवले. मग त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून झाकणाचा तांब्या काढला, घरून हंड्यातलं पाणी भरून आणलेला. त्यांनी तो आधी मैथिलीपुढे धरला.

“पी,” ते म्हणाले. “रात्रभर राहिलेलं आहे.”